विष्णू नारायण भातखंडे

पंडित विष्णू नारायण भातखंडे (जन्म : मुंबई, १० ऑगस्ट १८६०, मृत्यू : मुंबई, १९ सप्टेंबर १९३६) हे हिंदुस्थानी संगीताचे शास्त्रकार, बंदिशींचे संग्राहक आणि वाग्गेयकार होते. व्यवसायाने ते वकील होते. उत्तर भारतीय रागसंगीताची दहा थाटांत केलेली मांडणी, आज सर्वत्र रूढ असलेली स्वरलेखन पद्धती आणि घराण्यांच्या गायकांकडून मिळवून छापलेल्या शेकडो चीजा ही त्यांची प्रमुख कामगिरी मानली जाते. 'चतुर' व 'विष्णुशर्मा' या टोपणनावांनी त्यांनी लेखन केले. गुरुमुखातूनच मिळणारी विद्या कागदावर उतरवावी की नाही, आणि उतरवली तर तिचे काय होते, हा वाद त्यांच्या हयातीतच सुरू झाला व तो अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही.

== बालपण आणि शिक्षण ==

भातखंडे यांचा जन्म मुंबईतील वाळकेश्वर येथे गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. घरात भजनाची व गाण्याची आवड होती, तथापि संगीत हा पोटापाण्याचा व्यवसाय मानण्याची त्या काळच्या मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबांत रीत नव्हती. शालेय वयात ते बासरी वाजवू लागले. पुढे वल्लभदास दामूलजी यांच्याकडे त्यांनी सतारीची तालीम घेतली. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. काही काळ कराचीत व त्यानंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. साक्षीपुरावा तपासण्याची, दोन परस्परविरोधी जबान्या समोरासमोर ठेवून त्यांतून ग्राह्य ते निवडण्याची ही सवय त्यांच्या संगीतविषयक लेखनात पदोपदी जाणवते.

== गायन उत्तेजक मंडळी ==

मुंबईच्या पारशी समाजातील कैखुश्रू काबराजी यांनी १८७० मध्ये गायन उत्तेजक मंडळी ही संस्था स्थापन केली होती. सभ्य कुटुंबांतील मंडळींना अभिजात संगीत ऐकण्याची व शिकण्याची सोय व्हावी, हा तिचा हेतू होता. १८८४ मध्ये भातखंडे या संस्थेत दाखल झाले आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले. मंडळीत निरनिराळ्या परंपरांचे गायक-वादक येत असत. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून भातखंडे यांनी सुमारे तीनशे ध्रुपदे घेतली. अली हुसेन व विलायत हुसेन यांच्याकडून ते ख्याल शिकले.

येथेच त्यांना पहिली मोठी अडचण भेटली. एकच राग दोन गायक वेगवेगळ्या स्वरांनी गात आणि दोघेही आपलेच रूप खरे असे ठासून सांगत. कारण विचारले, तर वडिलांकडून असेच मिळाले, यापलीकडे उत्तर मिळत नसे. संस्कृत ग्रंथांचा दाखला पाहावा, तर त्यांतील रागांची नावे तीच असली तरी स्वर जुळत नसत. भरताचे 'नाट्यशास्त्र' आणि देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने लिहिलेला 'संगीतरत्नाकर' हे ग्रंथ सर्वत्र आदराने उल्लेखिले जात; परंतु त्यांच्या आधारे यमन किंवा दरबारी कानडा गाऊन दाखवील असा कोणी आढळत नव्हता. चालू गाण्याला शास्त्र आहे का, आणि असल्यास ते कोठे आहे, या प्रश्नाचा शोध भातखंडे यांनी पुढील पाव शतक घेतला.

== संगीतयात्रा ==

१८९६ मध्ये त्यांनी गुजरात व काठेवाडचा दौरा केला. १९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये कन्येचे निधन झाले. त्यानंतर त्यांनी संसाराचा विचार केला नाही. वकिलीतून मन काढून घेत त्यांनी प्रवास वाढवला आणि १९१० मध्ये तो व्यवसाय कायमचा सोडला.

१९०४ चा दक्षिण भारताचा प्रवास सर्वांत फलदायी ठरला. मद्रास, तंजावर, मदुरा, रामेश्वर अशी ठिकाणे घेत ते एट्टयपुरम येथे मुत्तुस्वामी दीक्षितरांच्या घराण्यातील सुब्बराम दीक्षितर यांना भेटले. दीक्षितरांचा 'संगीत संप्रदाय प्रदर्शिनी' हा प्रचंड ग्रंथ त्याच वर्षी तेलुगू लिपीत प्रसिद्ध झाला होता. दक्षिणेत त्यांना एक गोष्ट प्रकर्षाने दिसली. तेथील गायकांना आपला राग कोणत्या मेळातला हे सांगता येत असे, आणि त्यामागे सतराव्या शतकातील व्यंकटमखीच्या 'चतुर्दंडी प्रकाशिका' या ग्रंथातील बहात्तर मेळांची रचना उभी होती. उत्तरेतही अशी व्यवस्था लावता येईल, ही कल्पना त्यांच्या मनात याच प्रवासात दृढ झाली.

१९०७ मध्ये ते नागपूर, हैदराबाद, विजयनगरम व कलकत्ता येथे गेले. कलकत्त्यात त्यांनी सौरींद्रमोहन ठाकूर यांची भेट घेतली. १९०८-०९ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, मथुरा, दिल्ली, जयपूर, बिकानेर व उदयपूर असा उत्तरेचा मोठा दौरा झाला. बिकानेरच्या राजग्रंथालयात त्यांना भावभट्टाच्या ग्रंथांची हस्तलिखिते पाहावयास मिळाली. लोचन, पुंडरीक विठ्ठल, हृदयनारायण, अहोबल, श्रीनिवास यांचे मध्ययुगीन ग्रंथही त्यांनी ठिकठिकाणी मिळवून तपासले आणि त्यांतील अनेक पुढे छापून प्रसिद्ध केले. या प्रवासांच्या त्यांनी ठेवलेल्या टिपणवह्या वाचनीय आहेत. भेटलेल्या पंडिताला प्रश्न विचारून त्याचे ज्ञान जोखण्याची त्यांची पद्धत कधीकधी उलटतपासणीसारखी होई, आणि सर्वच यजमानांना ती रुचली असेल असे वाटत नाही.

ग्रंथ मिळवणे त्या मानाने सोपे होते. चीजा मिळवणे फार अवघड. बंदिश ही खानदानी गवयांची मालमत्ता होती. ती मुलीच्या लग्नात आंदण दिल्याच्या कथा सांगितल्या जातात, यावरून तिचे मोल ध्यानात यावे. परक्या माणसाने ती मागणे, तेही लिहून घेण्यासाठी, ही गोष्ट अनेकांना असह्य वाटे. भातखंडे यांनी यासाठी ओळखी जोडल्या, द्रव्य खर्च केले आणि प्रसंगी शिष्यत्व पत्करले. जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ व त्यांचे पुत्र आशिक अली यांच्याकडून त्यांना शेकडो चीजा मिळाल्या. लखनौचे ठाकूर नवाब अली यांच्या मध्यस्थीने रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांचे ते शागीर्द झाले. त्यामुळे तानसेनाच्या परंपरेतील बीनकार वजीर खाँ यांच्या विद्येपर्यंत त्यांना पोहोचता आले. शास्त्राची बाजू मांडणाऱ्या या पदवीधर वकिलाने पन्नाशीच्या सुमारास दरबारी रिवाजाप्रमाणे गंडा बांधून घ्यावा, यात त्यांच्या निष्ठेची खूण दिसते.

== ग्रंथलेखन ==

प्रवासातून काढलेला निष्कर्ष त्यांनी प्रथम संस्कृतात मांडला. 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा श्लोकबद्ध ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या नावाने लिहिला. ग्रंथाच्या नावातच त्यांची भूमिका आहे. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष प्रचारात असलेले गाणे आणि लक्षण म्हणजे त्याचे नियम. लक्ष्य बदलते तसे लक्षणही बदलले पाहिजे. जुन्या ग्रंथाशी जुळत नाही म्हणून आजचे गाणे चुकीचे ठरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपले संगीत वेदकाळापासून जसेच्या तसे चालत आले आहे, असे मानणाऱ्या समकालीनांना हे पटणे कठीण होते. 'रत्नाकरा'तील रागांचा आजच्या रागांशी निश्चित संबंध लावता येत नाही, हे तर त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

या संस्कृत ग्रंथाचे विस्तृत विवेचन म्हणजे 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा मराठी ग्रंथ. १९१० ते १९३२ या काळात त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले. लेखक म्हणून विष्णुशर्मा हे नाव असून सारा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपाने लिहिलेला आहे. शिष्य शंका काढतो, गुरू ग्रंथांची मते सांगतो, ती एकमेकांशी ताडून पाहतो, मग प्रचारात काय चालते ते सांगतो आणि निर्णय पुष्कळदा शिष्यावर सोपवतो. भाषा साधी, घरगुती, मधूनच मिस्कील आहे. संगीताच्या अभ्यासाबाहेर या ग्रंथाकडे मराठी गद्य म्हणून जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने 'भातखंडे संगीतशास्त्र' या नावाने त्याचा हिंदी अनुवाद काढला आणि आज देशभर बहुतेक विद्यार्थी तोच वाचतात.

'क्रमिक पुस्तक मालिका' हे त्यांचे सर्वाधिक खपलेले काम. सहा भागांच्या या मालेत दीडशेहून अधिक रागांतील अठराशेच्या आसपास बंदिशी स्वरलिपीसह दिल्या आहेत. पाचवा व सहावा भाग त्यांच्या निधनानंतर १९३७ मध्ये निघाला. प्रकाशनाची जबाबदारी त्यांचे वकील स्नेही भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी वाहिली. यांखेरीज 'अभिनवरागमंजरी' हा संस्कृत ग्रंथ, पंधराव्या ते अठराव्या शतकांतील प्रमुख संगीतपद्धतींचा तौलनिक अभ्यास करणारे इंग्रजी पुस्तक आणि उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचा संक्षिप्त इतिहास सांगणारे इंग्रजी व्याख्यान हे त्यांचे लेखनही महत्त्वाचे आहे.

== थाट पद्धती ==

सा आणि प अचल धरले आणि रे, ग, म, ध, नी या पाच स्वरांच्या प्रत्येकी दोन रूपांपैकी एकच घेतले, तर सात स्वरांचे एकूण बत्तीस संच तयार होतात. प्रचारातील राग सामावून घेण्यासाठी त्यांतील दहा पुरेसे आहेत, असे भातखंडे यांनी ठरवले. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी हे ते दहा थाट होत. शुद्ध स्वरांचा संच म्हणून त्यांनी बिलावल निवडला. पाटण्याच्या महंमद रझा यांनी १८१३ च्या सुमारास 'नग्माते आसफी' या फारसी ग्रंथात हेच केले होते. राग-रागिणी-पुत्र अशी कुटुंबव्यवस्था त्याआधी रूढ होती. तिच्यात कोणती रागिणी कोणत्या रागाची, याला स्वरांचा आधार उरलेला नव्हता. भातखंडे यांच्या मांडणीने ती मागे पडली.

थाट गायचा नसतो. तो राग ठेवण्याचा कप्पा आहे. रागाचे व्यक्तित्व ठरते ते वादी-संवादी, आरोह-अवरोह, वर्ज्य स्वर, पकड आणि समय यांवरून. भूप आणि देशकार यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर लागतात. भूपाचा वादी गंधार, तो पूर्वांगात फुलतो आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात. देशकाराचा वादी धैवत, त्याचा भर उत्तरांगावर आणि त्याची वेळ सकाळची. भातखंडे यांनी एकाला कल्याण थाटात तर दुसऱ्याला बिलावल थाटात बसवले. वादी पूर्वांगात असणारे राग मध्यान्हापासून मध्यरात्रीपर्यंतचे व उत्तरांगवादी राग मध्यरात्रीपासून मध्यान्हापर्यंतचे, तसेच कोमल ऋषभ आणि शुद्ध गंधार घेणारे संधिप्रकाश राग सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळचे, हा समयाचा सर्वसाधारण नियमही त्यांनी प्रचारातून काढून दाखवला.

या व्यवस्थेतील उणिवा उघड आहेत. दोन्ही मध्यम लागोपाठ घेणारा ललित मारवा थाटात ठेवावा लागतो. केदार, हमीर, कामोद हे राग तीव्र मध्यमाच्या स्पर्शावरून कल्याण थाटात गेले, वास्तविक त्यांची चाल बिलावलाला जवळची आहे. अहीर भैरव, मधुवंती यांसारख्या रागांना तर दहांत नैसर्गिक जागाच नाही. भातखंडे यांना दहा ही संख्या पवित्र वाटत नव्हती. ती अध्ययनाची सोय होती. परीक्षेच्या अभ्यासक्रमात शिरल्यावर मात्र सोयीचा सिद्धांत झाला, आणि त्याचा दोष मूळ लेखकाच्या माथी मारला जातो.

== स्वरलेखन आणि रचना ==

भातखंडे यांची स्वरलिपी मोजक्या चिन्हांची आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली व तार सप्तकासाठी स्वरावर टिंब, एका मात्रेतील स्वरांखाली कंस आणि मींडेसाठी वर कमान. समेला गुणिलेचे चिन्ह, खालीला शून्य व टाळ्यांना अंक दिले आहेत. छापखान्यात जुळवण्यास आणि वाचकाला लक्षात ठेवण्यास ती सुलभ ठरली. कोल्हापूरजवळच्या कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनीही याच काळात स्वतंत्र स्वरलिपी तयार केली होती. ती कालमापनात अधिक सूक्ष्म, पण चिन्हांनी भरलेली होती. अखेरीस भातखंडे यांची लिपीच अधिक पसरली.

वाग्गेयकार म्हणून त्यांचे वैशिष्ट्य लक्षणगीतांत आहे. रागाचा थाट, वादी-संवादी, वर्ज्य स्वर व समय ही माहिती त्याच रागातील बंदिशीच्या शब्दांत गुंफलेली असते. विद्यार्थी गाणे पाठ करतो आणि त्याबरोबर नियमही पाठ होतात. सरगमी आणि ख्यालही त्यांनी रचले. काव्य म्हणून या रचना फारशा उंचीच्या नाहीत. शिकवण्याचे साधन म्हणून मात्र त्या अजून वर्गावर्गांतून चालतात.

== परिषदा आणि श्रुतिवाद ==

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने मार्च १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. त्यानंतर दिल्ली (१९१८), काशी (१९१९) आणि लखनौ (१९२४ व १९२५) येथे परिषदा झाल्या. उस्ताद, संस्थानिक, संस्कृत पंडित आणि इंग्रजी शिकलेले रसिक एका मंडपात बसून रागाच्या रूपाची चर्चा करीत आहेत, हे दृश्य तोपर्यंत कोणी पाहिलेले नव्हते.

बडोद्याची परिषद श्रुतींच्या वादाने गाजली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी, मुलकी सेवेतील इंग्रज अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स, यांनी बावीस श्रुती गणिताने निश्चित करून त्यांची पेटी बनवली होती. अब्दुल करीम खाँ यांचे त्यांना साहाय्य होते. हिंदुस्थानी संगीताचे स्वर कंपनसंख्येत बांधता येतात असे देवल-क्लेमेंट्स यांचे म्हणणे. गायक प्रत्यक्षात रागागणिक स्वर किंचित वरखाली करतो, तेव्हा शास्त्रासाठी बारा स्वर पुरेत, असे भातखंडे यांचे मत. परिषदेने पेटीला मान्यता दिली नाही. तथापि श्रुतींच्या प्रश्नाला भातखंडे यांनी पुरेसा न्याय दिला असे म्हणता येत नाही. प्राचीनांनी प्रत्येक स्वर त्याच्या शेवटच्या श्रुतीवर मानला असताना त्यांनी तो पहिल्या श्रुतीवर मानला, आणि यावर नंतरच्या अभ्यासकांनी सविस्तर टीका केली आहे.

राष्ट्रीय संगीत अकादमी स्थापन करण्याचा त्यांचा मनोदय दिल्लीच्या परिषदेत मांडला गेला, पण त्यांच्या हयातीत तो सिद्धीस गेला नाही.

== संस्था ==

बडोद्यातील संगीतशाळेची त्यांच्या सल्ल्याने पुनर्रचना झाली. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी आपल्या राज्यातील काही गायकांना नवी पद्धत शिकण्यासाठी मुंबईस पाठवले आणि जानेवारी १९१८ मध्ये तेथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. राजाभैया पूछवाले याच गायकांपैकी होत. १९२६ मध्ये राय उमानाथ बली यांच्या सहकार्याने लखनौला मॅरिस कॉलेज निघाले. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला देण्यात आले होते. भातखंडे यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी १९२८ पासून दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद भूषवले. कृ. गुं. गिंडे, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर ही मंडळी याच परंपरेतील.

== टीका ==

पहिला आक्षेप घराण्यांच्या बाजूने आला. बंदिशीचा सांगाडा लिहिता येतो, गायकी लिहिता येत नाही, असे त्याचे स्वरूप होते. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ यांची जयपूर-अत्रौली गायकी हे याचे जवळचे उदाहरण. तीतील आडवळणाची लय, श्वासाला बांधलेली तानांची गुंफण आणि अनवट जोडराग समोर बसून वर्षानुवर्षे घेतल्याशिवाय येत नाहीत, आणि त्या विद्येचा फार मोठा भाग भातखंडे यांच्या वह्यांबाहेरच राहिला. पुस्तकातून गवई तयार होत नाही, हे त्यांनाही मान्य होते. पुस्तकाने जाणता श्रोता व शिक्षक तयार व्हावा, एवढी त्यांची अपेक्षा होती.

दुसरा आक्षेप अलीकडचा आहे. मुसलमान उस्तादांजवळ कला आहे पण शास्त्र नाही, ही त्यांची धारणा उस्तादांच्या ज्ञानपरंपरेवर अन्याय करणारी होती, असे जानकी बखले यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले आहे. आक्षेपात तथ्य आहे. त्याबरोबर हेही नोंदवले पाहिजे की, संस्कृत ग्रंथांतून आजचे संगीत सिद्ध होत नाही हे सांगण्याचे धैर्य त्यांनीच दाखवले आणि त्यांच्या संग्रहातील बहुसंख्य चीजा उस्तादांच्या कंठातूनच आल्या आहेत. काही चीजांचे पाठ त्यांनी नियमांत बसवण्यासाठी बदलले, अशीही तक्रार केली जाते. प्रत्येक चीज कोणाकडून मिळाली याची नोंद छापील पुस्तकांत नसल्याने या तक्रारीचा निवाडा करणे कठीण आहे, आणि ही उणीव दहा थाटांच्या उणिवांपेक्षा गंभीर आहे.

== अखेरची वर्षे आणि स्मृती ==

१९३३ मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर भातखंडे अंथरुणाला खिळले. क्रमिक मालिकेच्या उरलेल्या भागांचे काम त्यांनी त्या अवस्थेतही चालू ठेवले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी गणेश चतुर्थीच्या दिवशी त्यांचे मुंबईत निधन झाले. भारतीय टपाल खात्याने १९६१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. लखनौच्या मॅरिस कॉलेजला स्वातंत्र्यानंतर त्यांचे नाव देण्यात आले. २००० मध्ये त्या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ती भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय या नावाने राज्य विद्यापीठ म्हणून ओळखली जाते.